साळुंकीचा अर्धा आवाज

एका राज्यात, नाव विचारू नका, ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं, राजवाड्याच्या वेशीसमोर एक माळ होता आणि त्या माळावर एक्केचाळीस माणसं दगड होऊन उभी होती. कुणाचा हात कपाळाला, कुणाचे हात जोडलेले, एका बाईच्या ओच्यात तर दगडाची मेथीची जुडी. त्यांच्या सावलीला शेरडं बसत. परगावचा कुणी आला की विचारी, हे काय? गावकरी म्हणत, हे वाळेकरी, आणि आपल्या कामाला लागत. रोजचं झालं की माणसाला कशाचंच काही वाटत नाही.

वाळेकरी म्हणजे कोण ते आधीच सांगतो, नाहीतर मला मध्येच अडवाल. त्या राज्यात कैद्यानं अर्धी शिक्षा नीट भोगली की त्याला सोडत, पण उजव्या पायात मंतरलेला तांब्याचा वाळा घालून. तीन वर्षं तो वागवायचा आणि तीन अटी पाळायच्या. दर सोमवारी दुपारची नौबत झडण्याआधी राजवाड्याच्या वेशीवर हजर व्हायचं. दिवेलागणीपासून सूर्योदयापर्यंत घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि जिथे गुन्हा घडला तिथे पाऊल ठेवायचं नाही. प्रत्येकामागे एक साळुंकी. ती आढ्यावर बसून सगळं बघे आणि सोमवारी वेशीवर येऊन सांगे. साळुंकी खोटं बोलत नसे. एक चूक झाली की पाय घोट्यापर्यंत दगड. दुसरी झाली की गुडघ्यापर्यंत. तिसरीला सगळा माणूस दगड, आणि माळावर एकाची भर.

तशी ही रीत वाईट नव्हती हो. राजाच्या आजोबांनी घालून दिलेली. त्यांच्या काळी साळुंकी दोन गोष्टी सांगे, काय झालं ते आणि कशामुळे झालं ते. राजा दोन्ही ऐकून घेई आणि मगच वाळ्याला हुकूम देई. पुढे नातू गादीवर आला, राजा मानसेन. पहिल्याच वर्षी एक वाळेकरी चोर त्याच्यासमोर आला. आई आजारी म्हणून दिवेलागणीनंतर औषधाला गेला होता. साळुंकीनं कारण सांगितलं, ते खरंच होतं, राजानं माफ केलं. आणि आठव्या दिवशी त्याच चोरानं वेशीच्या पहारेकऱ्याच्या छातीत सुरा घातला. तो पहारेकरी राजाचा लहानपणचा सवंगडी होता, दोघं एका ताटात जेवलेले.

राजा तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी त्यानं कालंभट मांत्रिकाला बोलावलं आणि सांगितलं, साऱ्या साळुंक्यांचा कारण सांगणारा आवाज काढून घ्या. कारणं ऐकली की माणसं मरतात.

कालंभट म्हणाला, "महाराज, आवाज काढता येतो, मारता येत नाही. कोंडलेला आवाज कुणाच्या तरी अंगावर बसतो."

राजा म्हणाला, बसू दे.

मग कालंभटानं तो आवाज चांदीच्या करंड्यात भरला, करंडा खजिन्यात ठेवला, पुढे तीन दारं उभी केली आणि दारांना सांगितलं की ज्याला यातून स्वतःचं काही मिळवायचं नाही त्यालाच वाट द्या. एवढं करून तो राज्य सोडून गेला. वाळेकऱ्यांच्या आया गेल्या, बायका गेल्या, दारं हलली नाहीत. आणि आणखी एक झालं. त्या वर्षापासून राजा चालेनासा झाला. बसला की मांडीवरून शाल, भर वैशाखातसुद्धा, आणि कुठे जायचं तर पालखीत. वैद्य म्हणाले, वात आहे.

आता हैबतीकडे येऊ. हैबती सावळी नदीवरचा नावाडी. नाव आठ माणसांची. एका बाजाराच्या दिवशी यानं सकाळीच ताडी घेतली होती, घाटावर गर्दी झाली, लोक म्हणाले घे रे, आणि यानं चौदा माणसं घेतली. नाव काठाशीच कलली होती. त्यानं ते पाहिलं आणि तरी बांबू टेकून नाव लोटली. मध्यधारेला ती उलटली. तेरा जण निघाले. ठकूबाई कासारणीचा एकुलता एक मुलगा दामा निघाला नाही. बांगड्यांचा हारा, म्हणजे मोठी टोपली, खांद्याला बांधलेला होता, त्यानं त्याला खाली नेलं.

हैबतीला दहा वर्षांची शिक्षा झाली. पाच भोगून तो वाळा घालून गावी आला. फडावरच्या, म्हणजे कचेरीतल्या, कारकुनानं त्याच्या कागदावर सगळ्यांसारख्याच तीन ओळी लिहिल्या. गुन्ह्याची जागा नदी, म्हणून नदीत पाऊल नाही. आता गंमत बघा. हैबतीचं गाव नदीच्या पलीकडे आणि वेस अलीकडे. पूल तीन कोस वर. म्हणजे सूर्य उगवला की उंबरा ओलांडायचा, तीन कोस वर जायचं, तीन कोस खाली यायचं, आणि नौबतीआधी वेस गाठायची. साळुंकी मात्र सरळ नदीवरून उडून वेशीवर वाट बघत बसे. कुणीतरी कारकुनाला म्हणालं, अहो, याचं गाव तर पलीकडे. कारकून म्हणाला, सगळ्यांना एकच नियम, इथे भेदभाव नाही. सगळ्यांना एका मापाचा जोडा द्यायचा आणि चावला तर पायाला बोल लावायचा, त्यातली गत.

तरी हैबती वर्षभर चालला. एकही सोमवार चुकला नाही. आणि ठकूबाईनंही एकही सोमवार चुकवला नाही. काळी चंद्रकळा नेसून ती वेशीच्या पायरीवर येऊन बसे. तिला हा माणूस दगड झालेला बघायचा होता. ती हे कुणापासून लपवत नसे, हैबतीपासूनही नाही.

दुसऱ्या वर्षी एका सोमवारी तो उशिरा पोचला. साळुंकी म्हणाली, नौबत झाल्यावर आला. वाळा आवळला, पाऊल घोट्यापर्यंत दगड झालं. ते ओढत सहा कोस चालायचं म्हणजे काय ते ज्यानं त्यानं मनात आणावं. नियम पाळायला पाय लागतात, आणि नियमानं पायच घेतला होता. पुढे श्रावणात एका संध्याकाळी तो दिवेलागणीनंतर उंबऱ्याबाहेर होता. साळुंकीनं सांगितलं. दगड गुडघ्यावर आला. त्याची बायको रंगू गावभर सांगत होती की शेजारणीसाठी सुईण आणायला गेले होते. लोक हळहळले. हैबती काही बोलला नाही.

आता उरली होती एकच चूक. रंगूनं घरात मोठ्यानं बोलणं सोडलं. त्याच्या प्रत्येक पावलाकडे ती बघे, आणि तो बाहेर पडला की परत येईपर्यंत चुलीपुढून उठत नसे.

एका रविवारी भर दुपारी तो काठावरच्या पायवाटेनं लाकडं घेऊन येत होता. पाऊस ओसरला होता, पण नदी अजून भरलेली होती. वरच्या अंगाला धुण्याच्या खडकावरून एक परटीण घसरली आणि धारेला लागली. तिनं हाक दिली, "नावाडी हो!"

नावाड्यांची एक जुनी आण असते. काठावरून, पाण्यातून, कुठूनही तीनदा हाक आली तर नावाड्यानं उत्तर द्यायचं. मग हाक मारणारा वैरी असो, भिकारी असो.

पहिल्या हाकेला हैबती थांबला. दुसऱ्या हाकेला त्यानं वर बघितलं, साळुंकी बाभळीवर बसली होती. तिसरी हाक अर्धीच आली, तोंडात पाणी गेलं होतं. हैबतीनं लाकडं टाकली, डोक्याचं मुंडासं सोडलं आणि पाण्यात शिरला. दगडाचा पाय तळाला जाऊन रुतला. सगळं गाव ज्या पायाची कीव करी तोच त्या दिवशी नांगर झाला. नदीनं ओढून ओढून बघितलं, तो हलला नाही. मुंडासं फेकून त्यानं परटिणीला धरली आणि हात हात ओढत काठाला आणली. मग काठावर बसून दम खात साळुंकीला म्हणाला, "जा, सांग."

हे सगळं आणखी एका माणसानं पाहिलं. दर रविवारी दामा बुडाला तिथे पाण्यात फूल सोडायला ठकूबाई येत असे. ती वीस हातांवर उभी होती. फूल तिच्या हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वेशीवर ही गर्दी. हैबती वेळेत आला. साळुंकीनं चोच उघडली आणि म्हणाली, नदीत पाऊल ठेवलं. परटीण रडत पुढे धावली, पहारेकऱ्यांनी तिला मागे सारली. रंगू हैबतीजवळ जाऊन उभी राहिली. कारण विचारायची रीत नव्हती, मग विचारणार कोण? वेशीच्या ओट्यावर बसलेल्या राजानं शालीवर हात ठेवून हुकूम दिला, तीन शंख. प्रत्येक शंखाला दगड चढेल आणि तिसरा संपताना वाळेकरी माळावरचा होईल.

तेवढ्यात ठकूबाई उठली. लोकांना वाटलं, जवळून बघायला निघाली. ती राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, तो पाण्यात कशापायी गेला ते मी पाहिलंय."

"बाई, इथे कारण ऐकत नाहीत."

"मग तुमच्या खजिन्यातला करंडा उघडा."

राजा तिच्याकडे बघतच राहिला. ही बाई कोण ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला म्हणाला, दारं माझी नाहीत, मांत्रिकाची आहेत, आजवर कुणाला उघडली नाहीत. जायचं तर जा. शंख थांबणार नाहीत.

पहिला शंख वाजला. हैबती कमरेपर्यंत दगड झाला. रंगूनं त्याचा हात धरून ठेवला, तो अजून ऊन होता.

ठकूबाई खजिन्याच्या पायऱ्या उतरली. गुडघे धरलेले, वय झालेलं, धावायचं म्हटलं तरी किती धावणार. पहिलं दार सागाचं होतं. दारानं विचारलं, "कोणासाठी आलीस?"

"हैबती नावाड्यासाठी."

"तो तुझा कोण?"

"माझ्या पोराला बुडवणारा."

कितीएक आया-बायका त्या दारापुढे डोकं आपटून गेल्या होत्या. दार आज पहिल्यांदा करकरलं आणि उघडलं.

दुसरा शंख वाजला. वर हैबतीच्या छातीवर दगड चढला आणि रंगूच्या हातातला हात गार पडला. खाली दुसरं दार लोखंडाचं होतं.

"त्याला माफ केलंस?"

ठकूबाई थबकली. दाराला हो ऐकायचं असेल असं तिला वाटलं. हो म्हटलं की उघडेल आणि वरचा माणूस वाचेल. तोंडापर्यंत शब्द आला होता. पण तिला दामाचा हारा आठवला, गळाला लागून वर आलेला, एकही बांगडी न फुटलेला.

"नाही," ती म्हणाली. "करणारही नाही."

लोखंडाचं दार उघडलं.

तिसरा शंख वाजू लागला. शंख फुंकणारा दमाचा होता, पण दम कुणाचाही असो, संपतोच. दगड हैबतीच्या गळ्याशी आला. तिसऱ्या दाराला रंग नव्हता, कडी नव्हती, नुसता पाषाण. त्यानं विचारलं, "मग का आलीस?"

ठकूबाईला एकदम रडू आलं. पाच आणि दोन, सात वर्षांत ती चारचौघांत रडली नव्हती.

"नाव कललेली त्यानं पाहिली होती," ती म्हणाली. "पाहून लोटली. म्हणून माझा दामा गेला. काल मी पाहिलंय. पाहून गप्प बसले, तर त्याच्यात नि माझ्यात फरक काय?"

दार उघडलं. ठकूबाईनं करंड्याचं झाकण जमिनीवर आपटून फोडलं. आत काही दिसलं नाही. नुसता एक वारा निघाला, पायऱ्या चढून बाहेर गेला, आणि राज्यातल्या साऱ्या साळुंक्या एकदम खाकरल्या.

हैबतीच्या हनुवटीला दगड लागला होता. साळुंकी म्हणाली, "नदीत पाऊल ठेवलं, कारण परटीण बुडत होती आणि तिनं तीनदा हाक मारली." शंख थांबला. दगड उतरू लागला, छाती, कंबर, गुडघा, जिथे आदल्या दिवशी होता तिथे येऊन थांबला.

साळुंकी पुढे म्हणाली, "नौबतीनंतर आला, कारण महाराजांची शिकारीची स्वारी पुलावरून जात होती. सव्वीस हत्ती. पहारेकऱ्यांनी त्याला चार घटका अडवलं."

गर्दीत कुणी कुणाकडे बघेना. उशीर केला कुणी, पाय गेला कुणाचा! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. राजाचा चेहरा उतरला. दगड गुडघ्यावरून घोट्यापर्यंत आला.

राहिली श्रावणातली संध्याकाळ. लोक निश्चिंत होते, सुईणीचं सगळ्यांना ठाऊक होतं. रंगूनं मात्र डोळे मिटून घेतले. साळुंकीनं चोच उघडली, पण हैबतीनं हात वर केला.

"ही मी सांगतो," तो म्हणाला. "सुईण नव्हती. जुन्या सोबत्यांत ताडी प्यायला बसलो होतो. दिवे लागलेले दिसले. म्हटलं, एक घोट आणखी. याला कारण नाही, महाराज. माझी चूक आहे."

साळुंकीनं चोच मिटली. दगड घोट्यावरच राहिला. हैबतीनं वाकून त्या पावलाकडे बघितलं आणि मान डोलावली.

 मग राजा मानसेनानं मांडीवरची शाल काढली.  राजाचे दोन्ही पाय मांडीपर्यंत दगडाचे होते, काळे, रेघा पडलेले. कारण न ऐकता दगड केलेल्या प्रत्येक माणसामागे बोटभर दगड त्याच्या अंगावर चढत आला होता आणि तो वात म्हणून पांघरत होता.

राजा म्हणाला, "मी एकदा कारण ऐकलं आणि माझा मित्र मेला. म्हणून मी ऐकणं बंद केलं."

साऱ्या साळुंक्या एका सुरात म्हणाल्या, "खरं आहे."

पाय हलले नाहीत. राजानं वाट पाहिली. कारण खरं होतं, साळुंक्यांनी साक्ष दिली होती, तरी दगड जागचा हलेना. राजानं हैबतीकडे बघितलं. हैबती आपल्या दगडी पावलावर भार देऊन सरळ उभा होता.

"कारण आहे," राजा म्हणाला, आणि आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "पण चूक माझी आहे. चोराचा राग मी या माणसांवर काढला."

डाव्या पायाचा अंगठा हलला. मग बोटं, मग टाच. राजा उठला, धडपडला, कुणी धरायला आलं त्याला नको म्हणाला, आणि नऊ वर्षांनी आपल्या पायांनी पायऱ्या उतरून माळावर गेला. एकेका दगडासमोर तो उभा राही, साळुंकी काय झालं आणि कशामुळे झालं ते सांगे, आणि राजा ऐके. संध्याकाळपर्यंत तीस माणसं चालू लागली. त्या बाईच्या ओच्यातली मेथी हिरवी झाली आणि ती आधी म्हणाली, घरी पोरं उपाशी असतील. पोरं मोठी झाली होती हे तिला मग हळूच सांगावं लागलं. अकरा जणांच्या तिन्ही चुकांना काही कारण निघालं नाही. ते उभे राहिले. राजानं त्यांच्याही साळुंक्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग रीत पुन्हा लागली. कागदावर अटी लिहिण्याआधी कारकुनानं वाळेकऱ्याच्या गावी जाऊन यायचं, पायी. नदीपलीकडे हजेरीची चौकी बसली. आणि साळुंकीच्या दोन्ही गोष्टी ऐकल्याशिवाय वाळा आवळेना.

हैबतीनं उरलेले दिवस दगडी पावलानं काढले. मुदतीच्या शेवटच्या सोमवारी वाळा आपोआप सुटून पडला आणि पाऊल पावलासारखं झालं. लोक म्हणाले, सुटलास रे बाबा.  घरी जाऊन त्यानं जुनी नाव काढली, डांबर लावलं, आठवडाभर उन्हात ठेवली आणि घाटावर लावली.

पहिल्या दिवशी कुणी येईना. दुपार टळल्यावर पलीकडच्या काठावर काळी चंद्रकळा दिसली. ठकूबाई. दामा गेल्यापासून ती नावेत बसली नव्हती, कुठे जायचं तर तीन कोस वर जाऊन पुलावरून जाई. ती काठावर नुसती उभी राहिली. 

तिनं हाक दिली. एकदा. दोनदा. मग बराच वेळ नाही. मग तिसऱ्यांदा.

हैबती नाव घेऊन गेला. तिच्यामागे बाजारातून परतलेले दहा-बारा लोक गोळा झाले होते, आम्हालाही घे म्हणू लागले. ठकूबाई नावेच्या काठावर हात ठेवून थांबली.

"किती माणसं बसतात हिच्यात?"

"आठ, मावशी."

ती चढली आणि मधल्या फळीवर बसली. हैबतीनं एकेकाला हात देत मोजून सात जण घेतले, आठवी ती. बाकीच्यांना म्हणाला, थांबा, परत येतो. त्यानं नाव कुठे कलली आहे का ते वाकून पाहिलं, दोन्ही बाजूंनी, मग पुन्हा एकदा पाहिलं. ठकूबाई त्याचं बघणं बघत होती.

"आता लोट," ती म्हणाली.

मध्यधारेला आल्यावर तिनं कनवटीचं फूल काढून पाण्यात सोडलं.  नाव काठाला लागली, आठही जण कोरडे उतरले, आणि हैबती उरलेल्यांना आणायला परत फिरला. तो अजून माणसं मोजूनच घेतो म्हणतात, आणि तुम्ही त्या राज्यात कधी गेलात तर नववे म्हणून चढायला जाऊ नका.